चाडं हाय, पण मूठ कुठंय?

मंगळवेढ्यात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबाऱ्याच्या प्रती, शाळांची प्रमाणपत्रं, दशक्रियेची पत्रकं, असं सगळं काम असतं. दुकानात मागच्या बाजूला एक जुना संगणक आहे. त्याच्यावर बसून मी २०२३ पासून एक वेबसाइट चालवते. आमच्या भागात ज्वारी कशी पेरायचे, कशी काढायचे, मळायचे, साठवायचे, कुठल्या कामाला आणि अवजाराला काय म्हणायचे, ते तिच्यावर आहे. आजवर एकसष्ट लेख झाले. त्यातले माझे चार. बाकीचे दुसऱ्यांचे, आणि त्या दुसऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात उजनीकाठच्या एका शिक्षकांचा फोन आला. त्यांना धरणातल्या मासेमारीबद्दल असंच काही उभं करायचंय. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला लिहिणारे मिळाले कुठून?" तेव्हा दुकानात गर्दी होती, फोनवर अर्धवटच सांगितलं. इथे नीट लिहिते.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षी माझ्याकडे पोस्टर छापायला येणाऱ्यांची रीघ लागली. शाळा, मंडळं, बचत गट, सगळ्यांना ज्वारीचं पोस्टर हवं होतं. एका पोस्टरवरचं चित्र पाहून मी छपाई थांबवली. गुडघ्याएवढं खुजं ताट, लालसर कणीस आणि मागे भलंमोठं यंत्र. आमची मालदांडी माणसाच्या डोक्यावरून जाते, तिचा दाणा मोत्यासारखा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात, दुष्काळात कोठार उघडं करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव, आणि आमच्याच मुलांच्या हातात परक्या ज्वारीचं चित्र. मी रात्री बसून नेटवर मराठीत शोधलं. ज्वारी खाल्ल्याने काय फायदे होतात याची शेकडो पानं निघाली, आणि बहुतेक एकमेकांवरून उतरवलेली. वावडीवर, म्हणजे उंच तिपाईवर, उभं राहून धान्य वाऱ्यावर कसं उफणायचं, तिवडा, म्हणजे खळ्यातला मधला खांब, कुठे रोवायचा, पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, उतरायच्या आधी काय बघायचं, याबद्दल मला काही सापडलं नाही. मग ठरवलं की आपणच करू. संगणक होता, टंकलेखन येत होतं, नाव नोंदवायला आणि जागा घ्यायला वर्षाचे तीनेक हजार रुपये लागणार होते. माहिती मात्र माझ्याकडे नव्हती. मी गावात वाढले, वडील टपाल खात्यात होते. शेत पाहिलं ते मामाकडे, सुट्टीत.

म्हणून मी पत्रक काढलं. "आपला अनुभव, आपले लेख पाठवा. निवडक लेखांना प्रसिद्धी दिली जाईल." पाचशे प्रती छापल्या, दुकानात ठेवल्या, ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकलं. दोन महिन्यांत काय आलं ते सांगते. एकवीस कविता. त्यातल्या सतरा आई या विषयावर. ज्वारीच्या आरोग्यदायी गुणांवरचे सहा लेख, सहाही कुठून उचलले ते मला पाच मिनिटांत सापडलं. एका महाविद्यालयात जाऊन निबंध स्पर्धा घेतली, बक्षिसं ठेवली. त्रेचाळीस निबंध आले आणि त्रेचाळीस निबंधांची सुरुवात "भारत हा कृषिप्रधान देश आहे" अशी. मुलांचा दोष नाही. मीच त्यांना "ज्वारीचे महत्त्व" असा विषय दिला होता. तशा विषयाला तसंच उत्तर येतं.

आणि ज्यांचं मला हवं होतं, ते एकही पान आलं नाही. रोज माझ्या टेबलासमोर उभे राहणारे, ज्यांच्या तळव्यांवरून त्यांनी आयुष्यभर काय केलं ते दिसतं, ते लोक पत्रक घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि सातबारा घेऊन जायचे.

सातबाऱ्यामुळेच पुढचं घडलं. नोव्हेंबरात एक आबा प्रत काढायला आले होते. पलीकडच्या संगणकावर मी तिफणीचं एक रेखाचित्र लावत होते, जुन्या पाठ्यपुस्तकातलं. वीज गेली आणि आली, यंत्र सुरू व्हायला वेळ होता. आबा पडद्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "चाडं हाय, पण मूठ कुठंय?"

मला कळलं नाही. मी विचारलं, "कसली मूठ, आबा?"

"अगं, चाड्यावर मूठ धरल्याबिगर बी पडंल कुठनं?"

मग ते बोलत राहिले. तिफणीला तीन फण, फणाला नळ्या, तिन्ही नळ्या वर येऊन चाड्याला मिळतात. चाडं म्हणजे लाकडाची वाटी, तळाला भोकं. त्यात बी ओतायचं नसतं. मुठीत धरून बोटांच्या फटीतून सोडायचं असतं, बैलांच्या चालीबरोबर. मूठ आवळली की पेर विरळ, सैल सोडली की दाट. बैल वळताना मूठ मिटायची, नाहीतर बांधाजवळ बी सांडून राहतं. तिन्ही नळ्यांत सारखं जातंय का ते डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकायचं. एखादी नळी मातीने बुजली की आवाज बदलतो. त्यांच्या घरात चाड्यावर आई असायची. आई गेल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः मूठ धरली आणि रान असं उगवलं की गावातले लोक बघायला आले, "कुठं केसाळ, कुठं टक्कल." पुढे मी वाचलं की रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बियाण्याची शिफारस आहे, म्हणजे एकरी चार किलो. आबांची आई वजन न करता एकराला तेवढंच बी पाडायची.

चाळीस मिनिटं झाली. प्रती निघाल्या होत्या, मागे तीन माणसं उभी होती, आणि तीही ऐकत होती. मी लग्नपत्रिकेच्या कच्च्या कागदाच्या पाठीवर जमेल तेवढं लिहून घेतलं. तोच आमचा पहिला खरा लेख.

त्या दिवशी मला जे उमगलं, त्यावर पुढचं सगळं उभं आहे. या आबांनाही माझं पत्रक मिळालं होतं. "अनुभव पाठवा" म्हटल्यावर त्यांना वाटलं होतं की हे शिकलेल्यांचं काम. लेख या शब्दालाच लोक भितात. पण समोर मूठ नसलेलं चाडं आलं, आणि त्यांना गप्प राहवेना. माणसाला त्याचं सगळं ज्ञान एकदम मागितलं तर तो रिकाम्या हाताने परत जातो. त्याच्या हाताला ठाऊक असलेली एकच गोष्ट नेमकी विचारली, तर तो उभ्या उभ्या देतो.

तेव्हापासून मी लेख मागणं बंद केलं आणि प्रश्न मागे लावून घेतले. पत्रिकेच्या कापलेल्या कडांच्या चिठ्ठ्या करते, एका चिठ्ठीवर एकच प्रश्न. "हुरड्याची आगटी किती खोल खणायची?" "खळं सारवायला शेण किती दिवसांचं लागतं?" "पातीला बैल धरले की मुसकं कधी काढायचं?" "करडईचे तास किती ओळींनी टाकायचे?" (पात म्हणजे मळणीला खळ्यावर फिरवायची बैलांची रांग, मुसकं म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी, तास म्हणजे पेरणीची ओळ.) प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर पुस्तकातून देता येऊ नये आणि ज्याने ते काम केलंय त्याला उत्तर द्यायला दोन क्षणही लागू नयेत. असा प्रश्न तयार करायला मात्र मला कधी कधी आठवडा लागतो. आधी कुणाकडून तरी अर्धं ऐकावं लागतं, मग उरलेलं अर्धं दुसऱ्याला विचारता येतं. "जुन्या काळच्या शेतीबद्दल सांगा" असं विचारलं की प्रत्येकजण "आता पहिल्यासारखं राहिलं नाही" इथून सुरू करतो आणि तिथेच संपवतो.

दुसरी गोष्ट काचेने शिकवली. छापून आलेली पानं मी दुकानाच्या दर्शनी काचेला आतून चिकटवत होते. प्रत निघेपर्यंत लोक उभे राहून वाचायचे. पेरणीच्या पानावर मी "मोघा" असा शब्द वापरला होता, तिफणीच्या मागे दोरीने ओढत न्यायची सुटी नळी, करडई वगैरे पेरायला. एक बाई काचेवर बोट ठेवून मैत्रिणीला म्हणाली, "ह्याला सरतं म्हणत्यात की." तिसऱ्या कुणीतरी सांगितलं की त्यांच्या गावात दोन्ही शब्द आहेत. दुसऱ्या दिवशी मी पानं बाहेरच्या बाजूने लावली, मोठा समास सोडून, आणि खिडकीच्या गजाला दोरीने पेन बांधलं. आज त्या पेनाने जितकं लिहिलं गेलंय तितकं कुठल्याही पत्रकाने आणलं नाही. पूर्ण, चकचकीत पान बघून लोक वाचतात आणि जातात. चुकलेलं, अर्धं राहिलेलं पान दिसलं की थांबतात. म्हणून मी आता पानात जाणूनबुजून जागा मोकळ्या ठेवते आणि तिथे स्पष्ट लिहिते, "इथलं माहीत नाही. माहीत असल्यास सांगा." ज्यांनी समासात दुरुस्ती केली, त्यांच्यातल्या नऊ जणांनी पुढे स्वतंत्र लेख दिले.

इथे मला माझी एक मोठी चूक सांगायची आहे. आबांचा तो पहिला लेख मी टाइप करताना "नीट" केला होता. "हाय"चं "आहे" केलं. "रान वापशावर आलं की" याचं "जमिनीत योग्य ओलावा असताना" केलं. "कुठं केसाळ, कुठं टक्कल" हे वाक्य काढून "उगवण असमान झाली" असं लिहिलं. मला वाटलं, त्यांचा मान वाढेल. छापील प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या नातवाने मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं लिवलंय. कुणी सांगितलं हे?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच ओळखू आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मला फार लागलं ते. ज्या माणसाला मी लेखक म्हणून उभं करत होते, त्यालाच मी त्याच्या लेखातून बाहेर काढलं होतं. घरी येऊन कच्चा कागद काढला, आणि जसं ते बोलले होते तसं पुन्हा लिहिलं. आता आमचा नियम आहे: शब्द बदलायचा नाही, क्रियापद बदलायचं नाही. गोष्ट पुढेमागे झाली असेल तर क्रम लावायचा, पुनरुक्ती कमी करायची, आणि बाहेरच्या वाचकाला न कळणारा शब्द असेल तर खाली वेगळ्या ओळीत अर्थ द्यायचा. आणि प्रत्येक लेख छापण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवायचा. वाचून दाखवताना माणूस हमखास आणखी काहीतरी सांगतो, आणि बहुतेकदा तेच सगळ्यात चांगलं असतं. आबांचं "नळीत दाणा वाजतो" हे दुसऱ्या वाचनात आलं.

लिहून घेण्याच्या तांत्रिक अडचणींवर थोडक्यात. आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांचं वर्षानुवर्षांचं काम जुन्या फाँटमध्ये आहे, ते तसंच वेबसाइटवर चिकटवलं की अक्षरांचा चिखल होतो. युनिकोडमध्ये बदलून घेणारी साधनं आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, म्हणून डोळ्यांखालून घालावंच लागतं. फोनवर मराठीत बोलून टाइप होतं, ते तरुणांना सोयीचं आहे. पण बोलीतला शब्द त्याला कळत नाही, "मोघा" म्हटलं की "मोठा" उमटतं. वयस्कर माणसांसाठी व्हॉट्सअॅपचा आवाजी निरोप सगळ्यात सोपा. लिहा म्हटलं की ज्यांचा हात थांबतो, ते फोन तोंडाशी धरून सहा-सहा मिनिटं बोलतात. मी ऐकून उतरवते. सहा मिनिटांचं बोलणं उतरवायला मला पाऊण तास लागतो, तेवढा वेळ काढायची तयारी नसेल तर हे काम हाती घेऊ नये असं मला वाटतं.

पेवावरचा लेख असाच आवाजातून आला. आज "पेव फुटलं" हे आपण नुसतं बोलण्यात वापरतो. पण दक्षिण भागातल्या एका गावातले तात्या तरुणपणी स्वतः पेवात उतरलेले आहेत. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा आत जाईल इतकं, आणि पोट मोठं. कडेने आणि तळाला कडब्याचं, भुश्याचं अस्तर, मग ज्वारी, वरून फरशी आणि माती. दाणाही श्वास घेतो, आतली चांगली हवा संपते, त्यामुळे कीड जगत नाही आणि ज्वारी काही वर्षं टिकते. पण त्याच कारणाने पेव उघडल्या उघडल्या उतरणारा माणूसही जगत नाही. तात्या सांगतात, तोंड उघडून वाऱ्यावर ठेवायचं, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. कंदील विझला की परत तोंड उघडं ठेवून बसायचं. विझला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि वरच्या माणसाने सारखं हाक मारत राहायचं. "हाकंला ओ आली न्हाय तर वडायचं, इचारत बसायचं न्हाय." कडेच्या ज्वारीला वास लागतो, तिची भाकरी आंबूस लागते, ती वेगळी काढायची. मी त्यांना एवढंच विचारलं होतं, "तात्या, कंदील विझला तर काय करायचं?" त्यांचे चार आवाजी निरोप आले, मिळून बावीस मिनिटं. शेवटच्या निरोपात त्यांनी त्यांच्या गावात दोराला उशीर झाला होता त्या दिवसाबद्दल सांगितलं. तो भाग छापायचा नाही असं त्यांनी नंतर कळवलं. तो छापला नाही आणि कधी छापणारही नाही.

बायकांकडून लिहून घेणं जास्त अवघड आणि जास्त गरजेचं होतं. चाड्यावर बाई, सरत्यावर बाई, खुरपायला बाई, काढणीला कणसं मोडायला बाई, खळ्यावर वावडीवरच्या माणसाला पाट्या भरून देणारी बाई, आणि उफणणी झाल्यावर मातेऱ्यातून दाणा वेचत बसणारीही बाईच. आणि विचारायला गेलं की, "आमाला काय म्हाईत, मालकाला इचारा." मालक घरात असताना बाई बोलत नाही, हे मी दोन चकरांनंतर शिकले. दुपारी अडीच ते चार, भांडी झाल्यावर, दारात निवडायला बसल्यावर बोलणं होतं. मी पण सूप घेऊन बसते. हातात काम असलं की तोंड मोकळं होतं.

एक मामी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी मातेऱ्याबद्दल सांगितलं. खळ्यावरची रास धन्याच्या घरी जायची, मातीत मिसळलेला उरलासुरला दाणा मजूर बायकांना मिळायचा. तो धुऊन, चाळून, पुन्हा धुऊन त्यातली माती कशी काढायची, किती पाण्यात दाणा वर येतो आणि खडा खाली राहतो, हे त्यांनी ज्या बारकाईने सांगितलं तसं मला कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांच्या घरातली तीन मुलं त्या दाण्यावर वाढली. लेख तयार झाल्यावर म्हणाल्या, "माजं नाव नगं घालू." मी कारण विचारलं नाही, "बरं" म्हटलं. आठ दिवसांनी त्या स्वतः दुकानात आल्या, बसने, एकट्या. म्हणाल्या, "नाव घाल. पर म्हायेरचं घाल. हे काम मी म्हायेरात शिकले, आयीपाशी." आता पानावर वर त्यांचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव आहे, आणि खाली सासरचं. तेव्हापासून मी प्रत्येक बाईला विचारते की कुठलं नाव घालू. बहुतेक जणी आधी थोड्या थांबतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

नावाची मांडणी आम्ही अशी ठेवली आहे: वर "सांगितलं" आणि सांगणाऱ्याचं नाव, शेवटी बारीक अक्षरात "लिहून घेतलं" आणि माझं किंवा जो लिहून घेईल त्याचं. हा क्रम उलटा करू नये. ज्या दिवशी लिहून घेणाऱ्याचं नाव वर जाईल, त्या दिवशी सांगणारे येणं बंद होईल.

हक्कांबद्दल मी सुरुवातीला काहीच विचार केला नव्हता. मग एका छापील अंकात आमचे दोन लेख जसेच्या तसे आले, सांगणाऱ्यांची नावं गाळून, दुसऱ्याच कुणाच्या नावाने. अंक मला तात्यांच्या मुलाने आणून दाखवला. त्याच्या चेहऱ्यावर मी फसवल्याचा संशय होता, आणि तो रास्त होता, कारण माझ्याकडे त्याला दाखवायला एकही कागद नव्हता. त्या अंकवाल्यांनी पुढे दुरुस्ती छापली, पण मी धडा घेतला. आता सोप्या मराठीत एका पानाचा कागद आहे. लेखावरचा हक्क सांगणाऱ्याचाच राहील, मला फक्त या वेबसाइटवर ठेवायची परवानगी आहे, काढून टाका म्हटलं की सात दिवसांत काढेन, आणि पुस्तकात किंवा दुसरीकडे द्यायचं झालं तर पुन्हा विचारेन. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं असतो, म्हणजे नातवंडांपर्यंत जातो. हे मी सांगते तेव्हा लोक कागदाकडे वेगळ्या नजरेने बघतात. एका आण्णांनी विचारलं, "म्हंजी जमिनीसारखंच की?" बऱ्यापैकी तसंच, असं मी म्हटलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाजात वाचून दाखवते आणि त्यांचा होकारही आवाजातच ठेवते.

पैशांचा विषय लोक टाळतात. मला म्हणतात, पैसे दिले की माणसं पैशासाठी येतील. मला हे पटत नाही. शेतमजूर बाई कामाच्या दिवसात दोन तास माझ्याजवळ बसली तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, ती मी देते. लग्नसराईत चार पैसे जास्त येतात त्यातले बाजूला काढते. घरच्या शेताचे मालक, शिक्षक, नोकरदार यांना काही देत नाही, त्यांना ते नकोही असतं. पण सगळ्यांना एक गोष्ट देते: लेखाची चांगल्या जाड कागदावर रंगीत छपाई, फोटोसह, लॅमिनेशन करून. मला त्याला पस्तीस-चाळीस रुपये पडतात. ते पान घरात देवाच्या फोटोशेजारी लागतं. आलेगेले बघतात, विचारतात, आणि भावकीतला कुणीतरी महिन्याभरात माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "त्यांनी पातीचं सांगितलंय, पर त्यांच्या पातीला चारच बैल असायची. आमच्यात सहा." लिहिणारे मिळाले कुठून, या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर हे आहे. एका घराच्या भिंतीवरून दुसऱ्या घरात.

गाव सोडून गेलेल्यांनीही हात दिला. पुण्यात, पिंपरीत, मुंबईत आमच्याकडची पुष्कळ माणसं आहेत. त्यांच्याकडून आधी फार लांबलचक आठवणी यायच्या, बालपण, शाळा, विहिरीत पोहणं. एका निवृत्त बँकवाल्या काकांनी अठ्ठावीस पानं पाठवली. मी त्यांना लिहिलं, "काका, तुमच्या घरात ज्वारी कशात ठेवायचे? कणगीत, पोत्यात की पेवात? आणि कणगी कोण लिंपायचं?" त्यावर दीड पान आलं, आणि ते दीड पान त्या अठ्ठावीस पानांहून मोलाचं आहे. बाहेरच्या मुलामुलींचा खरा उपयोग मात्र वेगळाच झाला. ती आजीला व्हिडिओ कॉल करून विचारतात. आजी मला जे सांगताना लाजते ते नातवाला हसत सांगते. चौदा लेख असे नातवंडांनी उतरवून घेतलेले आहेत.

उजनीच्या सरांना मी एवढंच सुचवेन की जाहिरात देऊ नका. एका कोळ्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या जाळ्याचं चित्र जसं जमेल तसं काढा. तो तुमच्या हातातून पेन घेईल.

आमच्याकडे एक पान अजून कोरं आहे. पेवात धान्य भरलेली माणसं भेटली, उतरलेली भेटली, पण स्वतः पेव खणलेला माणूस मला दोन वर्षांत भेटला नव्हता. जागा कशी निवडायचे, खाली ओल नाही हे कसं ओळखायचे, अरुंद तोंडातून आतलं पोट कसं कोरायचे, माती वर कशी काढायचे, कुणालाच नेमकं सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात कळलं की कर्नाटकाच्या बाजूच्या एका वस्तीवर एक आजोबा आहेत, नव्वदीच्या घरातले, ज्यांच्या वडिलांचं हेच काम होतं आणि जे लहानपणी त्यांच्याबरोबर माती ओढायला जायचे. ते कन्नडच जास्त बोलतात. त्यांची नात नववीत आहे, ती मराठी शाळेत जाते, ती दोन्हीकडून सांगेल म्हणाली. ज्वारीला ते जोळ म्हणतात आणि पेवाला हगेव, एवढं मी शिकून घेतलंय. रविवारी दुकान बंद ठेवून जाणार आहे. चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहिलाय: पहिली कुदळ मारायच्या आधी तुमचे वडील जमिनीला कान लावायचे का?